मुकादमबाईंची लाल ओळ

मी एका बाईचं वजन तिच्या आवाजावरून लिहिलं होतं. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, पुढे हसण्यासारखं फार नाही. ती बाई लॅबच्या दारातून आली तीच बोलत, रस्त्यापलीकडच्या दुकानदारालाही ऐकू जाईल अशा आवाजात. वजनकाट्यावर काही केल्या चढेना. मी मनाशी म्हटलं, एवढा आवाज काय चाळीस किलोतून निघतो होय? आणि फॉर्मवर वजनाच्या रकान्यात ‘५८’ लिहून मोकळी झाले. अठ्ठावन्नच का, तर त्या काळात मी माझं स्वतःचं वजन अठ्ठावन्न सांगत असे. तेही खोटंच होतं.

त्या बाईचं खरं वजन होतं पस्तीस किलो. मधल्या तेवीस किलोंपायी तिचे कान गेले आणि मुकादमबाईंची लाल ओळ गेली. कानांचं पुढे सांगते. आधी मुकादमबाई.

नव्वदीच्या मधल्या वर्षांतली गोष्ट. ह्यांचं ऑफिस बेलापूरला हललं म्हणून आम्ही सीवूड्सला राहायला आलो. मुलं शाळेत जायला लागली होती आणि अडतिसाव्या वर्षी मी लॅब टेक्निशियनचा कोर्स करून कोपरखैरण्याच्या एका लॅबमध्ये नोकरीला लागले. आपण शास्त्रज्ञ झालो अशी माझी प्रामाणिक समजूत होती. पांढऱ्या कोटाला मी स्टार्च घालत असे. एकदा तर तो कोट घालूनच भाजी आणायला गेले, सोसायटीतल्या बायकांनी पाहावं म्हणून. पाहिलं त्यांनी. पार्लरमध्ये लागलीस का, असं एकीने विचारलं.

मुकादमबाई आमच्या लॅबच्या मुख्य. रायगडच्या किनाऱ्यावर, मुरुडच्या पुढे कुठेतरी त्यांचं गाव. पन्नाशीच्या, चांगल्या उंच, रुंद हाडाच्या, मनगटं अशी की भरलेली कळशी एका हाताने सहज उचलतील. मुंबईच्या एका मोठ्या हॉस्पिटलात त्यांची वीस वर्षं रक्त तपासण्यात गेली होती आणि तिथून त्या रागावून बाहेर पडल्या होत्या. बाई जिथून निघाल्या तिथून रागावूनच निघाल्या. चष्मा टाके घालायच्या काळ्या दोऱ्याने गळ्यात अडकवलेला असायचा. डब्यात तांदळाची भाकरी आणि काहीतरी मासळीचं. अजान ऐकू आली की पदर डोक्यावर यायचा, पण हातातली पिपेट खाली जायची नाही.

त्यांच्या रागाची एक खूण होती. बाकीची माणसं चिडली की आवाज चढवतात, बाईंचा आवाज उतरायचा. नेहमीच्या आवाजात बोलत असतील तर सगळं ठीक आहे असं समजावं. कुजबुजायला लागल्या की आम्ही हातातल्या ट्यूब स्टँडमध्ये ठेवून देत असू.

लॅबच्या दारात एक निळा वजनकाटा होता. टिनाचा, वर खरखरीत रबर. बाईंनी तो स्वतःच्या घरून आणला होता. रोज सकाळी आधी स्वतः चढून बघायच्या, “एकाहत्तर” म्हणायच्या आणि मग येईल त्याला चढवायच्या. चपला काढा, पिशवी ठेवा, मोबदल्यात काही मिळणार नाही, चढा. माझ्या पहिल्या दिवशी मलाही चढवलं. त्याआधी वजन विचारलं होतं, मी ठोकून दिलं, अठ्ठावन्न. काटा बासष्टवर थांबला.

“चार किलो कुठे ठेवून आलीस, प्रधान?” बाईंनी विचारलं.

मी म्हटलं, मॅडम, साडीचं असेल. त्या म्हणाल्या, “मग उद्यापासून हलकी साडी नेसत जा. इथे खोट्या वजनाने माणूस मरतो.” मला वाटलं, काय ही बाई, उगाच बाऊ करते.

बाऊ कशाचा, ते समजायला मला दोन-तीन आठवडे लागले. रक्ताच्या साध्या तपासणीत क्रिएटिनिन म्हणून एक आकडा येतो. क्रिएटिनिन म्हणजे आपल्या स्नायूंचा रोजचा कचरा. तो रक्तात उतरतो आणि किडनी तो बाहेर टाकते. किडनी थकली की कचरा साठतो, आकडा वाढतो. रिपोर्टवर तो आकडा छापतात आणि शेजारी ‘नॉर्मल’ म्हणून एक पट्टी, शून्य पूर्णांक सहा ते एक पूर्णांक चार. पट्टीच्या आत असाल तर सुटलात. आमच्या मशीनमधून असे शेकड्याने सुटलेले लोक रोज बाहेर पडत. बाईंचा सगळा राग त्या पट्टीवर होता.

“नॉर्मल कोणाच्या मापाने?” हे त्यांचं पालुपद. रिपोर्ट वाचताना, डबा खाताना, अगदी रिक्षावाल्याने भाडं सांगितलं तरी. मला समजावून सांगताना एकदा म्हणाल्या, “ज्या घरात सामानच नाही त्याच्या दारात कचरा कमीच दिसणार. मग दारात थोडाच कचरा आहे म्हणजे झाडूवाला रोज येतो, असं धरायचं का? तो आठ दिवस फिरकला नसेल.” वाळलेल्या म्हातारीच्या अंगात स्नायू किती? तिचा आकडा एक पूर्णांक दोन आला म्हणजे ती ठणठणीत नाही. तोच आकडा धट्ट्याकट्ट्या माणसाचा असेल तर वेगळी गोष्ट.

म्हणून बाई प्रत्येकाचा हिशेब मांडायच्या. एकशेचाळीसातून वय वजा करायचं, उरेल त्याला वजनाने गुणायचं. मग बहात्तर गुणिले क्रिएटिनिन, त्याने भागायचं. बाईमाणूस असेल तर पंधरा टक्के कमी. येईल तो आकडा म्हणजे किडनी मिनिटाला अंदाजे किती मिलिलिटर रक्त स्वच्छ करते ते. शंभराच्या आसपास असेल तर उत्तम. हा आकडा बाई छापील रिपोर्टच्या तळाशी स्वतःच्या अक्षरात, लाल शाईने लिहायच्या आणि खाली सही ठोकायच्या. हीच ती लाल ओळ. तिचा एक पैसा जास्त घेतला जात नसे आणि ती कुणी मागितलेली नसे.

वयाचंही तसंच. गावठाणातल्या बायका वय विचारलं की, “आसंल पन्नास” म्हणून हसायच्या. बाई हसायच्या नाहीत. खाडीवरचा पहिला पूल झाला तेव्हा तुमचा थोरला केवढा होता? नवी मुंबईसाठी जमिनी गेल्या तेव्हा सासू होती का? अशी चौकशी करून पन्नासाचे सदुसष्ट करायच्या. फ्लॅटमधल्या बायकांना मात्र एवढं विचारायच्या नाहीत, सरळ त्यांनी सांगितलेल्या वयात सहा मिळवायच्या. माझ्यातही मिळवली होती. पाचच मिळवायला हवी होती.

एकदा तुर्भ्याचा एक व्यायामपटू आला. चोवीस वर्षांचा, शहाण्णव किलोंचा, दारातून आडवा होऊन आत शिरावा लागेल असा. बरोबर आई, रडून डोळे सुजलेली. दुसऱ्या कुठल्याशा लॅबमध्ये त्याचं क्रिएटिनिन दीड आलं होतं, पट्टीच्या बाहेर, म्हणून शेजारी चांदणी छापलेली. ती चांदणी बघून वाशीच्या एका डॉक्टरांनी त्याचं मीठ बंद केलं, व्यायाम बंद केला आणि किडनीचं काही खरं नाही असं ऐकवलं. मुलीकडच्यांनी साखरपुडा पुढे ढकलला. बाईंनी नव्याने रक्त काढलं. आकडा तोच, दीड. मग त्याला काट्यावर उभं केलं आणि हिशेब मांडला. एकशेतीन. तो आकडा त्यांनी दोनदा अधोरेखित केला आणि त्या आईला म्हणाल्या, “याच्या घरात सामान जास्त आहे, म्हणून कचरा जास्त. लघवी तपासून घ्या, तीही साफ असेल तर हे पेढे द्यायचं काम आहे.” आठवड्याने पेढे आले.

पण पेढे येण्याआधी वाशीच्या डॉक्टरांचा फोन आला होता. ते आमच्या लॅबला निम्मे पेशंट पाठवत. मला आकडा पाठवा, निबंध नको, असं ते म्हणाले. बाईंना नाही, आमच्या सरांना. सर म्हणजे लॅबचे मालक. माणूस वाईट नव्हता, घाबरट होता, आणि मला घाबरट माणसांचा राग येतो, कारण तो माझाच गोतावळा. सरांनी बाईंना बोलावून सांगितलं, आपण आकडे द्यायचे, अर्थ डॉक्टर लावतील. बाई कुजबुजल्या, “अर्थ लावायला वजन लागतं, सर. त्यांच्याकडे काटा आहे का?” काटा नव्हता. मी स्वतः पाहिलंय. त्यांच्या केबिनमध्ये एक धबधब्याचं चित्र आणि एसी होता.

वर्षभर हे असंच चाललं. बाई लाल ओळ लिहायच्या, डॉक्टर ती न वाचता रिपोर्ट फाइलला लावायचे. एकीला कंटाळा नाही, दुसऱ्याला लाज नाही.

मग हिराबाई आली. घणसोली गावातली, सुकी मासळी विकणारी. ती पूर्वी जवळा मापाने द्यायची. फ्लॅटवाल्या आल्या, पावशेर-अर्धा किलो मागू लागल्या, म्हणून तिने एक तागडी घेतली. तिला वाशीच्या डॉक्टरांनीच पाठवलं होतं. लघवीत जंतू, ताप, भारी इंजेक्शन सुरू करायचं होतं. बाई आत मशीनवर होत्या, दारात मी होते. स्टार्चचा कोट घालून. मी तिला काट्याकडे नेलं. पाय उचलता उचलता तिने विचारलं, ह्ये काय? मी सांगितलं, वजनकाटा. तिने पाय मागे घेतला, वाकून काट्याला हात लावला आणि तो हात कपाळाला लावला.

“काट्यावं पाय नाय ठेवाचा, बाय. माजा पोट हाय त्याच्यावं.”

मी समजावलं, हा वेगळा, हा माणसांचा. तिने मान हलवली. रोज सकाळी तागडीच्या पाया पडून धंदा सुरू करणारी बाई, ती काट्यावर उभी राहणार नव्हती. मागे चार माणसं खोळंबली होती. आणि ती बोलत होती, सुनेबद्दल, तापाबद्दल, आमच्या पंख्याबद्दल, त्या प्रचंड आवाजात. लुगड्याचे थर, वर शाल. मी लिहिलं, अठ्ठावन्न.

क्रिएटिनिन आलं एक पूर्णांक दोन. पट्टीच्या आत. वय बाईंनी आतूनच पूल वगैरे विचारून सत्तर ठरवलं, वजन माझ्या फॉर्मवरून घेतलं. लाल शाईत उमटलं, चाळीस.

दुपारी फोन वाजला. वाशीचे डॉक्टर. आणि या वेळी त्यांनी सरांना नाही, बाईंना मागितलं. तो व्यायामपटू नुकताच त्यांनाही लग्नाचे पेढे देऊन आला होता म्हणे, आणि त्यांनी पहिल्यांदा लाल ओळ वाचली होती. चाळीस आहे म्हणता, मग इंजेक्शनचा डोस त्या हिशेबाने बसवतो, आकडा पक्का ना?

बाईंचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. लग्नघरातल्या मुलीसारखा उजळला होता. त्या नेहमीच्या, मोकळ्या आवाजात म्हणाल्या, “डॉक्टर, माझ्या काट्यावर चढलेला आकडा पक्का असतो.”

मी चार हातांवर स्लाइडा पुसत होते. तोंड उघडायला तेवढा वेळ पुरला असता. मी स्लाइडा पुसल्या.

ते इंजेक्शन किडनीतूनच बाहेर पडतं. किडनी सुस्त असली की अंगात साचत जातं आणि कानाच्या आतला भाग खातं. चौथ्या दिवशी हिराबाईने कानात शिट्ट्या वाजतात म्हणून सांगितलं. डॉक्टर म्हणाले, वयाचं आहे. आणखी तीन दिवस इंजेक्शन चालू ठेवलं, रक्त पुन्हा तपासलं नाही. यात मी लिहिलेलं वजन कुठे आलं? कुठेच नाही. म्हणून त्या माणसावरचा माझा राग तीस वर्षांत एक किलोसुद्धा उतरलेला नाही. शिट्ट्या ऐकायला लाल ओळ लागत नव्हती, कान लागत होते.

हिराबाई पुन्हा आली तेव्हा सून तिला हाताला धरून घेऊन आली होती. काही बोलत नव्हती. आपलं बोलणं आपल्यालाच ऐकू येत नसलं की माणूस गप्प होत असेल. रक्त काढायला बाई स्वतः बसल्या. दंडाला रबर बांधताना त्यांची बोटं त्या दंडाभोवती पूर्ण फिरून एकमेकांना लागली. त्या थांबल्या. उठून जुना फॉर्म काढला, वजनाचा रकाना पाहिला, अक्षर पाहिलं. माझ्याकडे पाहिलं नाही. परत येऊन रक्त काढलं. क्रिएटिनिन तीनच्या वर गेलं होतं.

डॉक्टर त्याच दिवशी सरांच्या केबिनमध्ये आले. दार उघडंच होतं. तुमच्या बाईंच्या आकड्यावर विश्वास ठेवला म्हणून हे झालं, असं ते ओरडून सांगत होते. वर्षभर न वाचणारा माणूस, एकदा वाचलं त्याचा केवढा गाजावाजा. सरांनी बाईंना विचारलं, वजन चुकलं का? बाई म्हणाल्या, हो. कसं? बाई म्हणाल्या, “रिपोर्टवर सही माझी आहे.” अक्षर कोणाचं, हे कोणी विचारलं नाही आणि बाईंनी सांगितलं नाही. मी रक्ताच्या ट्यूब फिरवणाऱ्या सेंट्रिफ्यूजच्या मागे उभी होते. ते मशीन फिरताना बऱ्यापैकी आवाज करतं. आत काही नसताना मी ते चालू केलं होतं.

उद्यापासून रिपोर्टवर हाताने काही लिहायचं नाही, असं सरांनी सांगितलं. बाईंनी कोटाच्या खिशातलं लाल पेन काढून त्यांच्या टेबलावर ठेवलं आणि महिनाअखेर निघते म्हणाल्या. उरलेले दिवस त्या अगदी नियमाने कामावर आल्या. सकाळी काट्यावर चढायच्या, एकाहत्तर म्हणायच्या, पेशंटना चढवायच्या, हिशेब मांडायच्या आणि तोंडाने सांगायच्या. पुढे ते कुणाच्या लक्षात राहणार? माझ्याशी कामापुरतं बोलायच्या, नेहमीच्या आवाजात. त्याचाच मला जास्त त्रास झाला.

शेवटच्या शनिवारी दुपारी त्यांनी दारातला काटा उचलला, चादरीत गुंडाळला आणि मला म्हणाल्या, चल. रिक्षा घणसोली गावाच्या तळ्यापाशी थांबली, पुढे गल्ली अरुंद. हिराबाई ओट्यावर बसली होती. गिऱ्हाइकांशी सून बोलत होती, तागडी सुनेच्या हातात होती. बाईंनी काटा ओट्यावर ठेवला, चपला काढल्या, स्वतः उभ्या राहिल्या. एकाहत्तर. मग खाली उतरून हिराबाईसमोर हात पसरले, उचलू का म्हणून खुणेने विचारलं. म्हातारीने सुनेकडे पाहिलं, मग हात वर केले. बाईंनी तिला लग्नात मामा नवरीला उचलतो तसं उचललं आणि पुन्हा काट्यावर चढल्या. हिराबाईने आपले दोन्ही पाय आखडून घेतले होते, काट्याला लागू नयेत म्हणून.

“किती?” बाईंनी मला विचारलं.

एकशेसहा. वजा एकाहत्तर. पस्तीस. एवढं सोपं होतं. पाय तिने ठेवायचाच नव्हता, कोणीतरी तिला उचलायचं होतं. मी बोटांवर पुढचा हिशेब केला. चाळीस नव्हेच. चोवीस.

“चोवीस,” मी पुटपुटले.

“तिला सांग,” बाई म्हणाल्या. “तिला ऐकू येत नाही, मोठ्याने सांग.”

मी सांगितलं. पहिल्यांदा तिला काही कळलं नाही, म्हणून आणखी मोठ्याने सांगितलं. आजी, तुमचं वजन मी चुकीचं लिहिलं. काट्यावर न घेता लिहिलं. म्हणून औषध जास्त झालं. गल्लीतली दारं उघडली, बायका ओट्यांवर आल्या, जवळा घ्यायला आलेलं गिऱ्हाईक पिशवी धरून बघत राहिलं. तिसऱ्यांदा ओरडले तेव्हा तिच्या डोळ्यांत उतरलं. ती अजून बाईंच्या हातातच होती. तिथूनच तिने मला विचारलं, पूर्वीच्याच दणदणीत आवाजात:

“मंग तवा तूच का नाय उचललंस मना?”

कारण माझ्या कोटाला स्टार्च होता आणि तिच्या लुगड्याला सुकटीचा वास होता. आम्हा प्रधानांच्या घरात सुकट बोटं चाटून खातात, पण कोटाला लागलेली चालत नाही. हे मी तिला ओरडून सांगितलं नाही.

सोमवारी मी सरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, झालं ते झालं, आता विषय वाढवू नका. माझी नोकरी राहिली. मुकादमबाई पुढे पनवेलला कुठेशी लागल्या, तिथूनही रागावून निघाल्या असं ऐकलं. परवा माझा रिपोर्ट आला. नातीने मोबाइलवर वाचून दाखवला. क्रिएटिनिनच्या खाली किडनीचं काम किती चालतं त्याचा आकडा आपोआप छापलेला, सुबक, काळ्या शाईत. नवीन हिशेबाला वजनही लागत नाही म्हणे, वय आणि बाई की पुरुष एवढ्यावर भागतं. छान आहे. ज्या ओळीपायी एका बाईला नोकरी सोडावी लागली ती आता मशीन लिहितं आणि कोणी त्याला निबंध म्हणत नाही. नातीने विचारलं, आजी, तू रिपोर्टवर एवढी का चिडलीस, नॉर्मल तर आहे. मी म्हटलं, कोणाच्या मापाने?

त्या शनिवारी आम्ही गल्लीतून बाहेर आलो. तळ्यापाशी रिक्षा मिळाली, त्या एकट्याच बसल्या, चादरीतला काटा मांडीवर घेतला, पदर डोक्यावर ओढला. त्यांनी मला बोटाने जवळ बोलावलं. त्यांचा आवाज इतका खाली गेला होता की मला रिक्षात डोकं घालावं लागलं. त्या म्हणाल्या:

“आत्ता जे गावभर ओरडून सांगितलंस ना, प्रधान, ते सरांना त्या दिवशी हळू आवाजात सांगितलं असतंस तरी चाललं असतं.”